देवळालीचा ताप

इंग्रजी भाषेत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. एखाद्या मनुष्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, तो भलतेच बोलू-वागू लागला, म्हणजे इंग्रज लोक थट्टेने त्यास हे विशेषण लावतात. शब्द अद्याप त्यांच्या कोशांत आहे आणि बोलण्यातही आहे. परंतु तो आपल्या नाशिक जिल्ह्यातील देवळाली कॅम्पावरून पडला, याची कल्पना तो वापरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच असेल. मूळचा प्रयोग 'डूलॅली टॅप' असा जोडीचा होता, आणि त्यातील 'टॅप' म्हणजे आपला ताप. ज्वर आणि मनस्ताप या दोहोंसही आपण हा एकच शब्द योजतो. तेव्हा गोऱ्या पलटणींनी तो अगदी नेमका उचलला, असे म्हणावे लागते.

देवळालीशी ज्यांचा परिचय आहे अशा वाचकांस हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे देवळाली म्हणजे हवापालटाचे ठिकाण. कसाऱ्याचा घाट चढून गाडी इगतपुरीच्या पुढे आली की मुंबईचा दमटपणा मागे राहतो. सुमारे १,८०० फूट उंचीवरचे हे पठार, कोरडी हवा, आणि दिवस तापला तरी रात्री सुटणारा गार वारा. मुंबईच्या पारशी व गुजराथी मंडळींनी येथे आरोग्यभुवने उभारली, लॅम रोडच्या बाजूने बंगले बांधले, आणि दुखण्यातून उठलेली माणसे महिना-दोन महिने येथे राहून अंग धरून परत जाऊ लागली. एकाच गावच्या हवेत एकाची प्रकृती सुधारावी आणि दुसऱ्याचे डोके फिरावे, हा काय प्रकार आहे? या महिन्यात आम्हांस याच कोड्याचा विचार करावयाचा आहे. कारण त्याचे उत्तर पुष्कळदा आपल्याच घरी, दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत बसलेले असते.

देवळालीस १८६१ साली लष्कराची छावणी पडली. विलायतेहून नव्याने आलेले शिपाई येथे उतरत व पुढे हिंदुस्थानभर पांगत; तसेच नोकरीची मुदत भरलेले सोजीर मायदेशी परतण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून येथे गोळा होत. त्यांना नेणारी जहाजे मुंबईहून थंडीच्या दिवसांत, साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, सुटत. ज्याची मुदत एप्रिलात भरे त्यास हंगामातले पहिले जहाज मिळेपर्यंत सहा-सात महिने वाट पाहावी लागे. वैशाख गेला, श्रावण गेला, तरी हा आपला बरॅकीत बसून!

या बसण्याचे वर्णन फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका वेल्श पलटणीतल्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत केले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची नोकरी हिंदुस्थानात झाली होती. तो सांगतो की, देवळालीस आलेल्या मुदत भरलेल्या माणसांपाशी ना शस्त्र असे ना पलटणीचे सामान. मधून मधून कपड्यालत्त्याची तपासणी होई, क्वचित एखादी लांब फेरी काढीत. बाकी सारा दिवस मोकळा. ज्यांच्या नावावर वर्षानुवर्षे एक डागही नव्हता असे शिपाई येथे येऊन काही ना काही आगळीक करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगाची शिक्षा भोगीत. ज्या लष्करात पहाटेच्या बिगुलापासून रात्रीच्या बिगुलापर्यंत घटकान्‌घटका बांधलेली, त्यातच दहा-बारा वर्षे मुरलेल्या माणसाच्या पायांखालून एके दिवशी सगळा दिनक्रम काढून घेतला, तर दुसरे काय होणार?

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वेडास केवळ रिकामपण कारण झाले असे नव्हे. हिवताप होता, दारू होती, बाजारातून जडणारे गुप्तरोग होते, आणि त्यांपैकी उपदंशाचे विष कालांतराने मेंदूपर्यंत पोहोचते हे वैद्यकास आज पक्के ठाऊक आहे. परंतु दारूच्या गुत्त्यात आणि बाजारात पाय का वळले, हे विचारू लागले म्हणजे आपण पुन्हा त्या मोकळ्या दिवसापाशीच येऊन पोहोचतो.

आता आरोग्यभुवनातील मनुष्याचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. हवा तीच, सूर्य तोच. परंतु त्याची उठण्याची वेळ ठरलेली, फिरावयास जाण्याची ठरलेली, दूध, जेवण, विश्रांती, दिवेलागणीनंतर लवकर निजणे, सर्व ठरलेले. मुंबईत ज्याने कधी सूर्योदय पाहिला नाही तो येथे रोज उन्हात दोन मैल चालून येई. क्षयावर खरे गुणकारी औषध १९४० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपाने निघाले. तत्पूर्वी हवेने क्षय बरा होतो ही समजूत बरीचशी आशेवर उभी होती. पण साध्या अशक्तपणास, अपचनास, निद्रानाशास जो गुण येई तो सारा वाऱ्याच्या पदरी बांधण्यास आम्ही तयार नाही. त्यातील मोठा वाटा त्या आखीव दिवसाचा होता, आणि तो दिवस दादरच्या वा सदाशिव पेठेच्या घरातही आखता येतो; त्यासाठी गाडीभाडे पडत नाही.

देवळालीपासून काही मैलांवर, नाशिकरोडला, मध्यवर्ती तुरुंग आहे. कायदेभंगाच्या चळवळीत १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजी तेथे बंदिवान होते. ९ तारखेस त्यांनी आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या आणि १३ तारखेच्या पहाटेपर्यंत 'श्यामची आई' या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहून काढला. तोही तुरुंगातील दिवसाचे काम सांभाळून, रात्रीच्या वेळात. त्याच्या आदल्या वर्षी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरून घेत. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. या दर रविवारच्या क्रमाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. तुरुंगात सोमवार आणि गुरुवार यांत भेद तो काय? परंतु रविवारी प्रवचन आहे म्हटल्यावर शनिवारास शनिवारपण येते; आठवड्यास आकार येतो. गावच्या मोकळ्या हवेत फिरणाऱ्या सोजिरापाशी नेमके हेच नव्हते. थोरांची गोष्ट निराळी, असे कोणी म्हणेल. थोरपण निराळे खरे, पण लोकमान्यांनी मंडालेस 'गीतारहस्य' लिहिले तेही नियमाने चालणाऱ्या दिवसातच लिहिले, आणि नियम पाळण्यास लोकमान्य असावे लागत नाही.

सामान्य माणसांविषयीच पुरावा हवा असेल तर तो ऑस्ट्रियात मिळतो. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे एक खेडे आहे. तेथे सारे गाव एका कापडाच्या गिरणीवर जगत होते. १९२९-३० च्या सुमारास ती बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तिघा संशोधकांनी सहकाऱ्यांसह तेथे राहून गावाचा अभ्यास केला आणि १९३३ साली तो प्रसिद्ध केला. आता लोकांस वेळच वेळ, तेव्हा वाचन वाढले असेल अशी कोणाचीही अपेक्षा होईल. प्रत्यक्षात वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. रस्त्याने पुरुष थांबत थांबत, रेंगाळत चालत. खिडकीआड उभे राहून या मंडळींनी घड्याळ लावून ते मोजले. बहुतेक पुरुषांच्या अंगावर घड्याळच नव्हते. काल दिवसभरात काय केले, हे लिहून द्या म्हटले तर सकाळी उठण्यापासून दुपारच्या जेवणापर्यंतचा हिशेब त्यांना देता येईना. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण चूल, मुले, धुणे यांनी त्यांचा दिवस बांधून ठेवला होता.

(हे वाचून घरातील पुरुषमंडळींनी 'बघा, बायकांस कामच मानवते' असा सोयीचा अर्थ काढू नये. मारिएनथालच्या बायका दिवसाअखेरी थकून जात. ज्या सुनेस पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत पाठ टेकता येत नाही, तिचा रोग अगदी उलटा आहे, आणि त्याचे औषध म्हणजे तिच्या कामातील काही भाग आरामखुर्चीकडे सरकवणे हेच आहे. त्याकडे आता येतोच.)

आपल्या एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची जी रीत आहे ती आम्हांस प्रिय आहे. तथापि त्या रीतीतील एका वाक्याची आम्हांस धास्ती वाटते. ते वाक्य म्हणजे, "तुम्ही बसा हो, आम्ही करतो." आमच्या परिचयाच्या एका घरातील अप्पा अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. छत्तीस वर्षे त्यांनी साडेनवाची बस चुकविली नव्हती. मुले गुणी, सून सुशिक्षित. सर्वांनी मिळून ठरविले की अप्पांनी आता काही करावयाचे नाही. दूध आणणे धाकट्याने घेतले. भाजी फोनवर मागविली की दारात येऊ लागली. विजेचे बिल, बँकेची कामे थोरल्याच्या मोबाइलवर गेली. नातवाची शिकवणी बाहेर लावली. अप्पा तांब्या घेऊन कुंड्यांना पाणी घालावयास उठले की "अहो अप्पा, बाई येते ना त्याला!" हा प्रेमाचा गजर ठरलेला. सहा-आठ महिन्यांत अप्पा सकाळी आठापर्यंत अंथरुणात, दुपारी दोन तास झोप, रात्री दोन वाजता टक्क जागे. भूक नाही, पोट साफ नाही, आणि ज्या मनुष्याने कधी कोणास टाकून बोलल्याचे ऐकिवात नव्हते तो चहास पाच मिनिटे उशीर झाला तर भांडे आपटू लागला. तपासण्या झाल्या; त्यांत विशेष काही निघाले नाही. घरातील मंडळी म्हणत, "म्हातारपण, दुसरे काय!" साठीही न उलटलेल्या मनुष्याचे म्हातारपण!

पुढे सुनेची नोकरी दूरच्या शाखेत गेली आणि सकाळच्या वेळी नातीस शाळेच्या गाडीपर्यंत पोहोचविण्यास कोणी राहिले नाही. ती म्हणाली, "अप्पा, सात वाजता तिला खाली नेऊन सोडाल का? माझी सहा-पन्नासची लोकल आहे." यात औषधाचा हेतू कोणाच्याही मनात नव्हता, निव्वळ अडचण होती. सातास खाली जावयाचे म्हणजे सहास उठणे आले, उठण्यासाठी वेळेवर निजणे आले, आणि नातीस सोडून परत येताना पाय मोकळे करणे आपोआप आले. महिन्या-दोन महिन्यांत झोप बरीचशी जागेवर आली. घरखर्चाची वही अप्पांनी स्वतः मागून घेतली. गुडघे काही बरे झाले नाहीत, आणि चहाविषयीचा हट्टही राहिलाच. पण भांडी आपटणे थांबले.

१९७६ साली अमेरिकेत कनेक्टिकट येथील एका वृद्धनिवासात एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील वृद्धांस सांगितले की, तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ तुम्ही ठरवा. हे एक रोपटे घ्या, त्याची निगा तुम्हीच राखावयाची. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांसही रोपटे दिले, पण पाणी परिचारिका घालील असे सांगितले. काही आठवड्यांनी पाहता पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक हुशार, अधिक बोलकी व आनंदी आढळली. आमच्या घरांतील तुळशीस रोज कोणीतरी पाणी घालावे हा नेम ज्यांनी घातला त्यांच्या मनात तुळशीचे किती होते आणि पाणी घालणाऱ्याचे किती, हा प्रश्न आम्हांस कधी कधी पडतो.

शरीराच्या अंगाने पाहिले तरी हेच दिसते. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नाड्या जेथे एकमेकींस ओलांडतात त्याच्या लगत वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो शरीराचे घड्याळ चालवितो. झोप, शरीराची उष्णता, निरनिराळे स्राव यांची भरती-ओहोटी त्याच्या ठोक्यावर चालते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश व मायकेल यंग यांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नसते, म्हणून त्यास रोज किल्ली द्यावी लागते, आणि ती किल्ली मुख्यतः सकाळच्या उजेडाची आहे. जेवणाच्या वेळा यकृतादी इंद्रियांची घड्याळे लावतात. जो मनुष्य आठास उठतो, पडदे ओढलेल्या खोलीत बसतो, भूक नसता वेळ जावा म्हणून खातो आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइलच्या झगझगाटाकडे पाहतो, त्याच्या शरीरातील घड्याळांचे एकमेकांशी पटत नाही. मग निद्रा बिघडते, अग्नी मंद होतो, आणि मन चिडखोर होते. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'च्या आरंभीच, दुसऱ्याच अध्यायात, दिनचर्या सांगितली, रोगांची चिकित्सा पुष्कळ पुढे; या क्रमातच त्याचा अभिप्राय स्पष्ट आहे. दिवसा निजण्यास त्या शास्त्राने उन्हाळ्यात आणि वृद्धांस सूट दिली आहे हे आमच्या काही वाचकांस पाठ असेल. ती सूट त्यांनी अवश्य घ्यावी. मात्र अर्ध्या घटकेची सूट दोन तासांवर नेऊ नये.

तेव्हा घरातील वडिलांस काम द्यावे. पण कसले? येथे बहुतेक घरे चुकतात. 'अप्पांचा वेळ जावा' म्हणून दिलेले काम अप्पा ताबडतोब ओळखतात. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडावयास दिले, तर त्यात मनुष्याचा अपमानच आहे. काम असे हवे की ते झाले नाही तर घराचे खरोखर अडावे: नातवंडांस आणणे-सोडणे, घरखर्चाचा हिशेब, औषधपाण्याची आणि देवघराची व्यवस्था, एखाद्या मुलाचे गणित. ते ठराविक वेळेचे असावे, शक्यतो घराबाहेर नेणारे असावे, आणि एकदा सोपविल्यावर त्यात लुडबुड करू नये. वडिलांनी आणलेली भाजी थोडी महाग पडली तर पडू द्यावी. चार रुपये डॉक्टरास देण्यापेक्षा भाजीवाल्यास गेलेले बरे. निवृत्तीपूर्वीच वर्षभर याचा विचार व्हावा. ज्याची नोकरी ३१ तारखेस संपते त्याचा १ तारखेचा दिवस कसा जाईल, हे घरात बसून बोलून ठरलेले असावे. आजींच्या बाबतीत मात्र बोलणे उलट बाजूने करावे. त्यांस निवृत्ती कोणी दिलेलीच नसते. त्यांस काम विचारू नये, कोणते काम सोडावेसे वाटते ते विचारावे.

वाट पाहणारा दुसराही एक वर्ग घरोघरी आहे, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. स्पर्धापरीक्षा देऊन निकालाची, निकाल लागून मुलाखतीची, मुलाखत होऊन नियुक्तीच्या पत्राची वाट पाहणारी आमची मुले-मुली. त्यांचेही जहाज कधी सुटेल हे त्यांच्या हाती नाही. त्यांस आईबाप प्रेमाने म्हणतात, "तू फक्त अभ्यास कर, बाकी काही बघू नकोस." परीक्षेच्या आधी हे ठीक, पण परीक्षा होऊन गेल्यावर अभ्यास उरत नाही आणि 'बाकी काही' तर आधीच काढून घेतलेले असते. अशा काळात अर्धवेळ का होईना नोकरी, धाकट्यांस शिकविणे, रोजची ठरलेली तालीम, घरातील एखादी पुरी जबाबदारी, यांपैकी काहीतरी त्यांच्या हाती असावे. आणि जेवणाच्या पाटावर रोज "काही कळले का?" हा प्रश्न विचारू नये. कळेल तेव्हा ते सांगतीलच.

येवढे लिहून एक मर्यादा घालणे आम्ही कर्तव्य समजतो. वर साने गुरुजींचा दाखला आम्ही दिला. त्याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपले जीवन संपविले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. अखंड काम, नियम, माणसांचे प्रेम यांपैकी कशाची त्यांच्यापाशी उणीव होती? मनाचा आजार हा आजार असतो. तो दिनक्रमाच्या चौकटीत मावेलच असे नाही, आणि आजारी मनुष्यास "कामात मन घाल" असे सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाच्या माणसास फिरावयास जा म्हणणे होय. म्हणून घरातील कोणाही व्यक्तीची झोप, भूक व बोलणे दोन आठवडे सतत बिघडलेले दिसले, ज्या गोष्टींत रस होता त्यांत तो राहिला नाही, किंवा 'आता माझी गरज काय' अशी भाषा तोंडी येऊ लागली, तर ते म्हातारपण वा आळस समजू नये, वैद्यास दाखवावे. मनोविकाराच्या डॉक्टरकडे जाण्याचा संकोच वाटत असेल तर केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, आणि तेथे मराठीतही बोलता येते. फोन आजारी व्यक्तीनेच करावा असे नाही. सुनेने, मुलाने, नातवाने केला तरी चालतो.